आधी खड्डा, मग जेसीबी

मध्य प्रदेशातल्या आमच्या रामाकोन्यात कोणी बगीच्यात घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न येतो, "जेसीबी कोनाची लावली?" घर किती खोल्यांचं, पाणी कुठून घेणार, हे सगळं मागाहून. २०१५ मध्ये नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन बंद झाली आणि मोठ्या लाईनचं काम निघालं, तेव्हापासून पोकलेन, हायवा, रोलर हे सगळं आम्ही दारातून बघत आलो. इथली पोरं नुसत्या आवाजावरून सांगतात, येतेय ती चेनवाली की टायरवाली. पण मशीन ओळखता येणं वेगळं आणि आपल्या कामाला कोणती लागेल हे कळणं वेगळं.

मी मास्तरकीतून मोकळा झाल्यावर संत्र्याच्या बगीच्यात घर बांधलं. त्याच सुमारास माझ्या मेव्हण्यानेही पलीकडच्या शिवारात बांधायला घेतलं. माझं घर उभं आहे. त्याचं प्लिंथवर थांबलं आहे आणि त्याच्या दाराशी एक जुनी जेसीबी उभी आहे, जिच्यात माझाही थोडा पैसा आहे. दोन्ही घरांचा हिशेब मला तोंडपाठ असल्यामुळे लोक विचारायला येतात. प्रत्येकाला चहासोबत तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

सुरुवात जमिनीपासून. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या तालुक्याला मान आहे. मँगनीज आणि संगमरवर पोटात बाळगणाऱ्या प्राचीन खडकांच्या एका मोठ्या गटाला सौंसरचंच नाव दिलेलं आहे, आणि रामाकोना-कटंगी असा ग्रॅन्युलाइट खडकाचा पट्टाही अभ्यासक ओळखतात. त्यावर ठिकठिकाणी दख्खनच्या लाव्हाचे थर, आणि लाव्हा झिजून झालेली काळी माती. शास्त्रज्ञांना यात आनंद असेल. शेतकऱ्यासाठी अर्थ एवढाच की एकाच शेतात एका धुऱ्याला पुरुषभर काळी आणि दुसऱ्या धुऱ्याला वीतभर मातीखाली पाषाण. शेजाऱ्याच्या शेतात जी मशीन लोण्यासारखी चालली ती तुमच्या शेतात दात घासत बसू शकते.

म्हणून नकाशा काढण्याआधी चाचणीचे खड्डे घ्या. घराच्या जागेच्या चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक, आणि जिथे शेततळं करायचं मनात आहे तिथे एक-दोन. दोन मजूर कुदळ-सब्बल घेऊन करतील, नाहीतर जेसीबीचे एक-दोन तास. मी जेसीबी लावली होती. नाल्याच्या बाजूच्या खड्ड्यात नऊ फुटांपर्यंत काळीच निघत राहिली. बकेटने घेतलेला काप ओला, चकचकीत, सुरीने खरवस कापावा तसा. बाभळीच्या बाजूला मात्र साडेतीन फुटांवर आवाज बदलला. करकर सुरू झाली, बकेटमध्ये पिवळट खडा आला आणि खड्ड्याच्या भिंतीवर दातांच्या पाच रेघा उमटून राहिल्या. ऑपरेटर खाली उतरला, एक ढेकूळ पायाने फोडलं आणि म्हणाला, "गुर्जी, घर तिकडं सरकवा. इथं बांधलं तं अर्धं घर बसन, अन् अर्धं उभं राहीन."

इंजिनिअरनेही पुढे तेच सांगितलं, फक्त फी घेऊन. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाचा तो गुण. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात त्याच मिटतात. सगळं घर काळीवर असलं तर निदान सगळं एका लयीत हलतं. अर्धं काळीवर आणि अर्धं मुरमावर असलं तर तडा मधूनच जातो. काळीवर घर बांधताच येत नाही असं नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी खाली गोळा फुगवलेल्या पाइल बसवण्याची पद्धत आपल्याकडे रुळवली. पण त्याला वेगळा ऑगर लागतो, माहितगार माणूस लागतो. घर चाळीस पावलं सरकवणं फुकट असतं.

मुरूम जवळ असला की पाया पाच फुटांत आटोपतो, त्याला साधी जेसीबी पुरते. काळी खोल असली की ती उपसा, बाहेर न्या, मुरूम आणा, थर द्या, दाबा. म्हणजे जेसीबीबरोबर हायवा आले, रोलर आला. खाली पाषाण लागला तर बकेटचं काम संपलं आणि ब्रेकरचं सुरू झालं, ज्याचा तास वेगळ्या भावाने लागतो. थोडक्यात, मशीन ठरवायला मालक किंवा ठेकेदार लागत नाही, तो खड्डाच सांगतो.

शेततळ्याचंही तसंच. मुरमात तळं केलं तर पाणी झिरपून जातं, मग प्लॅस्टिकचं अस्तर टाका, त्याचा खर्च वेगळा. काळी पाणी धरते. म्हणून माझं घर बाभळीकडे गेलं आणि तळं नाल्याकडे. त्या खड्ड्यांनी दोन्ही जागा एका दुपारी ठरवून दिल्या.

आता मशीनकडे येऊ. टायरवाली जेसीबी म्हणजे पुढे लोडर, मागे खोदाईचा हात. वजन साडेसात-आठ टन, खोदाई साधारण पंधरा फुटांपर्यंत. तिचा खरा गुण असा की ती स्वतःच्या पायाने रस्त्याने येते आणि एकाच फेरीत खोदते, भरते, सपाट करते. घराच्या पायाला, सेप्टिक टँकला, पांदण नीट करायला, प्लिंथ भरायला तिच्यासारखी दुसरी नाही. पोकलेन वीस टनांची, चेनवर चालणारी. ती ट्रेलरवर येते, डांबरावर उतरवता येत नाही, आणि तिचा ट्रेलर आपल्या पांदणीत वळत नाही हे ट्रेलर अर्ध्या वाटेत अडकल्यावरच लोकांच्या लक्षात येतं. ती तळ्याला, विहिरीला, नाला सरळ करायला. घराच्या पायाला पोकलेन लावणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. पाच फुटांचा खड्डा सात फुटांचा करून ठेवतात आणि जास्तीचे दोन फूट काँक्रीटने भरतात.

तळ्याचा हिशेब करून पाहा. वर २० बाय २० मीटर, खोली ३ मीटर, उतार एकास एक, म्हणजे तळ १४ बाय १४ मीटर. माती निघते सुमारे ८७६ घनमीटर, पाणी मावतं पावणेनऊ लाख लिटर. मऊ मातीत जेसीबी तासाला तीसेक घनमीटर काढते, म्हणजे तीस तासांच्या आत-बाहेर. पोकलेन ऐंशी काढत असेल तर अकरा तास. तासाचा भाव पोकलेनचा दुप्पट, वर ट्रेलरचं जाण्या-येण्याचं भाडं. दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या येतात. पण शिवारातल्या तिघा-चौघांनी एकत्र पोकलेन बोलावली की ट्रेलरचं भाडं वाटलं जातं आणि ती स्वस्त पडते. आमच्याकडे हे जमायला तळ्यापेक्षा जास्त खोल खणावं लागतं, कारण त्या चौघांत कोणा दोघांचं धुऱ्यावरून वाकडं असतंच.

तळ्यातून निघालेली काळी फुकटची आहे म्हणून प्लिंथमध्ये ढकलू नका. हा मोह सगळ्यांना होतो, ट्रॉलीचं भाडंही वाचतं. दोन पावसाळ्यांनी फरशी उचलून येते. काळी बांधावर टाका, बरडावर पसरा. प्लिंथमध्ये मुरूमच, आणि तोही सहा-नऊ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस नाहीतर प्लेट कॉम्पॅक्टर फिरवून. एवढंसं ते यंत्र, दिवसाच्या भाड्याने मिळतं, पण ते आणायची कोणालाच हौस नसते. जेसीबीने वरून चार वेळा पुढे-मागे केलं म्हणजे माती दबली असं होत नाही. चाकाखालची दबते, बाकीची फरशी टाकल्यावर आपल्या सवडीने बसते.

बगीच्यात घर बांधणाऱ्याने आणखी एक माप घ्यावं. संत्र्याची झाडं साधारण वीस बाय वीस फुटांवर असतात. लावली तेव्हा मध्ये बैलगाडी जात होती. दहा-बारा वर्षांत घेर वाढून मधली वाट सात-आठ फुटांची उरते. जेसीबीची रुंदी तेवढीच, साडेसात फुटांच्या आसपास. म्हणजे फांद्या मोडणार. त्या पुन्हा येतील. पण संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, आणि ओल्या काळीवरून आठ टन गेले की ती माती विटेसारखी होते. पाणी मुरत नाही, आळ्यात साचतं, आणि साचलेल्या पाण्याबरोबर डिंक्या येतो. माझ्या मेव्हण्याने मृगाच्या पहिल्या सरींनंतर दोन दिवसांनी मशीन ओळीतून नेली होती. त्या ओळीतली झाडं आजही पिवळी दिसतात, शेजारची हिरवीगार. झाडांमधून मातीकाम करायचंच असेल तर तीन टनांची छोटी चेनवाली शोधा. ती आमच्याकडे कमी, नागपूरकडून मागवावी लागते. नाहीतर मजूर लावा. एका मोठ्या झाडाच्या पाच बहारांपुढे मजुरी काहीच नाही.

वेळही यातच येते. ओल्या मातीत मशीन फसते आणि कडक उन्हाळ्यात काळी दगड होते. पाऊस संपून वाफसा आला, आंबिया बहाराची फळं उतरली, की पौष-माघात खोदाई सगळ्यांत सोपी. पण तेव्हा लोकांच्या हातात संत्र्याचे पैसे यायचे असतात, म्हणून सगळे मे महिन्यात जागे होतात. मेमध्ये मशीनवाला भाव वाढवतो आणि वर तारीखही देत नाही.

कामाच्या क्रमात एकच ध्यानात ठेवा, ज्याला जागा जास्त लागते ते आधी. बोअरची गाडी आणि तिच्यामागचा कॉम्प्रेसर हे ट्रकचं जोडपं असतं. कंपाउंड आणि दहा फुटांचं फाटक झाल्यावर ते आत येत नाही. आमच्या गावाजवळ एकाने नवं कोरं फाटक खांबासकट काढून बोअर केली. फाटक चौदा फुटांचं ठेवा. पांदणीवरची विजेची तार किती उंच आहे ते मशीन यायच्या आधी बघा. जेसीबीचा मागचा हात उभा केला की तो तारेच्या जवळ जातो, आणि ११ हजार व्होल्टची तार शिवायचीसुद्धा गरज नसते, जवळ गेलं तरी पुरतं. रस्त्याकडेला खोदणार असाल तर केबलचा विचार करा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं ते त्याचसाठी.

खड्ड्यात माणूस उतरवण्याबाबत कडक राहा. दीड मीटरहून खोल चराला आधार द्यावा किंवा त्याच्या बाजू उतरत्या कराव्यात, आणि उपसलेली माती काठापासून दूर टाकावी, असं भारतीय मानकही सांगतं. काळी माती कापल्यावर भिंतीसारखी सरळ उभी राहते, म्हणूनच फसवते. सकाळी उभी असते, दुपारी ऊन लागून तडकते, संध्याकाळी अख्खी कड खाली. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. सेप्टिक टँकच्या खड्ड्यात गवंडी माप घ्यायला उतरला की मशीन बंद, आणि काठावर कोणी उभं राहायचं नाही. यावर गवंडी हसतील. हसू द्या.

तासाची नोंद रोजच्या रोज घ्या. मशीनवर तासाचं मीटर असतं, सुरू करताना आणि थांबवताना त्याचा फोटो काढा. जाण्या-येण्याचा वेळ धरायचा की नाही, डिझेल कोणाचं, कमीत कमी किती तासांचं बिल, बकेटचा दात तुटला तर कोणाचा, ऑपरेटरचा भत्ता वेगळा का, हे मशीन येण्याआधी बोलून घ्या. दुपारी ऑपरेटर डबा खात असताना इंजिन चालू राहिलं तर मीटरही चालू राहतं. यात भांडणासारखं काही नाही, डबा उघडल्यावर चावी फिरवायला सांगायची. ऑपरेटरशी मात्र गोड राहा. मालक भाव ठरवतो, काम ऑपरेटर ठरवतो. दोरी मारलेल्या रेघेवर चालणारा हात आणि अंदाजाने खोदणारा हात यांत काँक्रीटच्या दोन-तीन ट्रॉल्यांचा फरक पडतो.

आता मेव्हण्याची जेसीबी. त्याचा विचार ऐकायला बरोबर होता. घराचं काम होईल, नंतर भाड्याने चालवू, घर फुकटात पडेल. नवी तीस लाखांच्या पुढे, म्हणून जुनी बारा लाखांना घेतली. बारा लाखांवर दरसाल १२ टक्के धरले तरी महिन्याला बारा हजार नुसतं व्याज. आता कामाचे तास मोजा. पांदण आणि सपाटीकरण ८, पाया ६, सेप्टिक टँक आणि नाली ४, प्लिंथची भर १०, तळं ३०, किरकोळ १२. झाले सत्तर. तासाला बाराशे धरले तर चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे सात महिन्यांचं व्याज. भाड्याची मशीन काम संपल्यावर निघून जाते. विकतची जात नाही. पावसाळ्याचे चार महिने ती उभी, ऑपरेटरचा पगार मात्र चालू. सीझनला ऑपरेटर दुसरीकडे जास्त पैसे मिळतात म्हणून गेला. गिऱ्हाईक म्हणे, संत्रा विकला की देतो. लिफ्टच्या सिलिंडरचं काम निघालं. आणि हप्ता भरायचा म्हणून मशीन कायम बाहेरच्या कामावर, तेव्हा स्वतःच्या प्लिंथची भर राहिली ती राहिलीच.

विकत घ्यायचंच असेल तर ट्रॅक्टर घ्या. घर झाल्यावरही तो रिकामा बसत नाही. पस्तीस-चाळीस एचपीचा, हायड्रॉलिक ट्रॉलीसकट, रेती-गिट्टी-विटा वाहतो, मागे ब्लेड लावून वाट सपाट करतो, नंतर फवारणी, शेणखत, मंडीला संत्रा. बगीचा दाट असेल तर वीसेक एचपीचा मिनी ट्रॅक्टर बरा. झाडांखाली रोटाव्हेटर मात्र जपून, ती वरची मुळंच कापतो.

कागदाचं थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तरी कागदाची कटकट कमी झाली नाही. इथे सातबारा नाही, खसरा आहे. घर बांधण्याआधी पटवाऱ्याला डायव्हर्सनचं, म्हणजे शेतजमिनीचा वापर बदलण्याचं, विचारून घ्या. मुरूम गौण खनिजात मोडतो, म्हणून स्वतःच्या शेतातला असला तरी बाहेर नेण्याआधी चौकशी करा. हद्दीचा आणखी एक घोळ आहे. सावनेर पलीकडेच असल्यामुळे जुनी मशीन बहुतेकदा नागपूरकडून येते, महाराष्ट्राच्या नंबरची. वर्षाहून जास्त इथे ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणून इकडे नोंदणी करावी लागते. मेव्हण्याला हे चेकपोस्टवर कळलं.

एवढं ऐकूनही जुनी जेसीबी घ्यायचीच म्हणणारे असतातच. त्यांनी निदान सकाळी, न सांगता जावं. बोनेटला हात लावून बघावं, गरम असेल तर तुमच्या येण्याआधी ती चालू करून ठेवली होती. थंड असताना सुरू केल्यावर निळा धूर सुटत राहिला तर इंजिन ऑइल पितंय. बकेट जमिनीला टेकवून थोडं उचलायला लावा आणि प्रत्येक पिनेच्या जागी बघा, बुशिंग झिजलं असेल तर सांधा आधी खुळखुळतो आणि मग बकेट हलते. मागचा हात उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं नुसते उभे राहा. हात आपोआप खाली येत असेल तर सील गेलेत. हायड्रॉलिकचं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. बूमवर, चासीवर नव्या रंगाखाली वेल्डिंगच्या गाठी चाचपून बघा. मीटर चार हजार तास दाखवतं आणि पायाच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर पेडलवर विश्वास ठेवा. आरसीवर फायनान्सचं नाव अजून चढलेलं आहे का ते वाचा, आणि ते उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. हे सगळं होईस्तोवर विकणारा म्हणेल, "भाऊ, दुसरा पार्टी येऊन बसला हाय, लवकर सांगा." बसला असेल तर त्याला बसू द्या.